तिसरी भाकर

होळीच्या आदल्या दिवशी मामाच्या गावी गेले होते. दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यातलं गाव. मामा जाऊन नऊ वर्षं झाली, पण मामी आहे, मामेभाऊ आहे, आणि आम्हां बहिणींच्या तोंडी अजून "मामाचं गाव"च येतं. संध्याकाळची वेळ होती. हरभरा निघाला होता, अंगणात कुटाराचा ढीग पडला होता आणि त्याची बारीक धूळ चुलीच्या धुरात मिसळून घशाशी येत होती. मामी काठोटीत भाकरी थापत होती. भावाची बायको भिंतीला टेकून जेवायला बसली होती. पाचवा महिना, पहिलटकरीण, वय बावीस. ताटात बेसन, कांद्याची पात, जवसाची चटणी. दोन भाकरी खाऊन झाल्या होत्या, बेसन अजून उरलं होतं. तिने डाव्या हाताने दुरडीवरचं फडकं उचललं आणि मामी वर न बघता म्हणाली, "पुरे कर वं आता. लेकरू मोठं झालं तं बाळंतपण जड जाते."

हात दुरडीवरच थांबला. मग त्याच हाताने तिने फडक्याचं टोक सारखं केलं, दुरडीच्या काठाखाली नीट खोचलं, जशी काही ती भाकरी झाकायलाच पुढे झाली होती. उरलेलं बेसन बोटाने निपटून घेतलं आणि गडवाभर पाणी प्यायली.

मी काहीच बोलले नाही.

तेवढ्यात भाऊ अंगणातून गेला. हातात घमेलं, घमेल्यात दुपारपासून भिजवलेली सरकीची ढेप. त्यांची म्हैस, चांदी, आठव्या महिन्यात होती. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. पाठीवर मागे वळलेली लांब तलवारीसारखी शिंगं, आमच्याकडची नागपुरी म्हैस, जिला जुनी माणसं एलिचपुरी म्हणतात. तिला नुकतंच आटवलं होतं. म्हणजे दूध देणं बंद, आणि ढेप मात्र वाढवलेली. "आता चारलं तं पुढं दूध देईन," मामी आतूनच भावाला म्हणाली, "हात आखडू नको." दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, दोन मिनिटांच्या आत आली होती. मामीला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही त्या क्षणी वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्या दिवशी, परतीच्या एसटीत, खिडकीशी बसल्यावर. ते फडक्याचं टोक डोळ्यांपुढून हलेना.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पस्तीस वर्षं होत आली. भूक कुठे लागते आणि पोट भरल्याचं कोण कोणाला सांगतं, हे मला माहीत आहे. निदान जितकं माणसाला आजवर कळलंय त्यातलं बरंच माहीत आहे. म्हणूनच माझी ती चुप्पी जास्त बोचली. "पुरे" हा शब्द शरीर स्वतःच स्वतःला सांगतं, त्याचं एक रसायन असतं, त्याला नाव आहे. आणि जिच्या पोटात मूल आहे तिचं शरीर तो शब्द ऐकायचं नाकारतं. ते आतून नाकारतं, आणि आपण बाहेरून तो मोठ्याने ऐकवतो.

त्या रसायनाची गोष्ट एका उंदरापासून सुरू होते. 1949 साली अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत पिंजऱ्यातल्या पिल्लांमध्ये एक पिल्लू भलतंच गोल निघालं. खाता खाता थांबायचंच नाही. पुढे त्याचाच एक वेगळा भाऊबंद सापडला, तसाच गोल, शिवाय मधुमेही. तिथल्याच डग्लस कोलमन यांनी उंदरांच्या जोड्या कडेला कडा लावून शिवल्या, एकाचं रक्त दुसऱ्यात थोडं थोडं फिरावं म्हणून. पहिल्या जातीचा गोल उंदीर साध्या उंदराला जोडला तर त्याचं खाणं कमी झालं. दुसऱ्या जातीचा जोडला तर तो स्वतः तसाच खात राहिला आणि बिचारा साधा जोडीदार अन्नाला तोंड लावेना, उपाशी मेला. कोलमन यांनी यातून काढलेला अर्थ मला अजून थरारून सोडतो: पहिल्याच्या रक्तात "पुरे" म्हणणारं काहीतरी नाही, आणि दुसऱ्याच्या रक्तात ते भरपूर आहे पण त्याला ऐकायला कान नाहीत. रसायन हाती नसताना, नुसत्या दोन शिवलेल्या जिवांवरून त्यांनी हे ताडलं. ते रसायन हाती आलं 1994 मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूला. मुख्यतः चरबीच्या पेशी ते बनवतात. ग्रीक भाषेतल्या "लेप्टोस" म्हणजे सडपातळ या शब्दावरून त्याला लेप्टिन म्हटलं गेलं. पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, त्याचा कान सापडला: लेप्टिनचा रिसेप्टर. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे, आणि दुसऱ्या जातीच्या उंदरात नेमका तिथलाच बिघाड होता.

मुलांना हे शिकवताना मी नेहमी सांगते की चरबी हा नुसता साठा नव्हे, ती बोलते. अंगावर किती शिदोरी आहे याचा हिशोब ती रोज मेंदूला कळवते. मुलं ऐकून घेतात. मला मात्र हे वाक्य म्हणताना दरवेळी माझे वडील आठवतात, ज्यांनी यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

वडिलांकडे दोन गाई आणि एक म्हैस असायची. कालवड माजावर येईना म्हणून शेजारी चिंतेत पडले की वडील जनावराच्या पाठीवरून हात फिरवायचे, माकडहाडाजवळ बोटं दाबायचे, आणि सांगायचे, "अंगावर मूठभर मांस चढू दे, मंग आपोआप येईन." बहात्तरच्या दुष्काळाची त्यांची एक आठवण होती. त्या वर्षी गावातल्या गाई माजावरच आल्या नाहीत. वळू मोकळा फिरायचा, कोणी त्याच्याकडे बघायची नाही. ते सांगत, "जनावराले कळते बाप्पा, आपल्यापाशी देयाले काई नाई." लहानपणी मला ते गाईचं शहाणपण वाटायचं. शहाणपणच आहे ते, फक्त त्याचा पत्ता मेंदूच्या तळाशी आहे. लेप्टिन नसलेल्या त्या गोल उंदरिणी वांझ असायच्या, अंगावर चरबीचे डोंगर असूनही. कारण चरबी होती, पण तिचा निरोप पोचत नव्हता, मेंदूच्या लेखी घरात दाणा नव्हता. 1996 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फरीद शेहाब यांनी त्यांना लेप्टिन टोचलं आणि त्या गाभण राहिल्या. पुढे असंही दिसलं की गर्भ रुजेपर्यंत ते टोचत राहावं लागतं, एकदा नीट रुजला की नंतर बंद केलं तरी दिवस पुरे भरतात. उंदरांपुरतं सांगायचं तर, मूल धरायचं की नाही हे ठरवतानाच घरातलं धान्य मोजलं जातं. एकदा हो म्हटलं की मोजणी थांबते.

पण थांबते म्हणजे काय होतं, ते खरं नवल आहे.

गर्भारपणात लेप्टिन कमी होत नाही, उलट वाढतं. बाईच्या रक्तात ते साधारण दुप्पट-तिप्पट होतं, सातव्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त. सरळ हिशोब लावला तर तिने निम्मं जेवायला हवं. "पुरे, पुरे" असा दुप्पट आवाज आत घुमतोय. आणि ती मात्र खात असते, रात्री उठून खात असते. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात हे उंदरांवर तपासलं गेलं. साध्या उंदरिणीच्या मेंदूत थेट लेप्टिन टोचलं की ती खाणं कमी करते. गाभण उंदरिणीच्या मेंदूत टोचलं तर काही फरक पडत नाही. कान आहेत, पण त्यांनी ऐकायचं सोडलंय. आणि तिथल्याच कामातून कळलं की हे बहिरेपण आणण्यात वारेतून, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवातून येणाऱ्या, दुधाशी नातं असलेल्या संप्रेरकांचा हात असतो. म्हणजे पोटातलं बिऱ्हाडच आईच्या मेंदूला सांगतं, तू सध्या त्या आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, जेव. पुढे दूध पाजायचंय. त्याची शिदोरी आत्ताच अंगावर चढवून ठेव.

"दोन जिवांची" म्हणतो ना आपण, तो शब्द मला यापूर्वी फक्त प्रेमळ वाटायचा. आता त्यात एक कारभार दिसतो. दुसरा जीव घरात येऊन कारभार हातात घेतो.

माझ्या पहिल्या वेळी मी सासरी होते, एकत्र कुटुंबात. पाचव्या महिन्यापासून रात्री दोनच्या सुमाराला भूक लागून जाग यायची. ती भूक नेहमीची नव्हती. नेहमीची भूक पोटात असते, ही हातापायांत असायची, तळव्यांना घाम सुटायचा. मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात जायची. दिवा लावायची नाही. दुरडीत हात घालून अंधारात भाकर चाचपायची, गार, कडेने कडक झालेली, आणि चटणीच्या बरणीचं झाकण पदराआड धरून उघडायची, कारण ते उघडताना "टक्" असा आवाज करायचं. उभ्या उभ्या खायची. जवसाच्या चटणीची ती चव, थोडी कडवट, तेलकट, जिभेच्या मागे राहणारी, आजही तोंडात आली की मला पहिल्यांदा भीतीच आठवते, चव नंतर येते. कोणी मला खायला नको म्हटलं नव्हतं. पण मोजलं जायचं. सकाळी सासूबाई दुरडी उघडून क्षणभर बघायच्या, आणि मी दुसरीकडे बघायची. तेव्हा मी एम.एस्सी. झालेली होते. लेप्टिनचा शोध लागायला अजून तीन वर्षं होती, पण भूक लागली तर खावं एवढं कळायला एम.एस्सी. लागत नाही. तरी मी चोरासारखी खाल्ली. मला तेव्हा हे आपल्यातलंच काहीतरी ओंगळ वाटायचं, ही हाव. कोणी सांगायला हवं होतं की बाई, ही हाव तुझी नाही, ही एका फार जुन्या शहाणपणाची आहे.

आणि मग तीस वर्षांनी मी त्या भिंतीपाशी गप्प बसून राहिले.

वैशाखात पुन्हा गेले. चांदी व्यायला टेकली होती, आणि माझा जीव त्या मुलीत अडकला होता, दोन्ही कारणं खरी. चांदी पहाटे चार वाजता व्यायली. वगार झाली. काळी, ओली, उभी राहायच्या धडपडीत चारदा पडली. चांदी तिला चाटत राहिली आणि आम्ही सगळे वारेची वाट बघत बसलो. वार पडेपर्यंत गोठ्यातून कोणी हलत नाही, कारण म्हैस ती खाऊन टाकते आणि मग जनावर आजारी पडतं असं गावाला वाटतं. उजाडता उजाडता पडली. भावाने ती घमेल्यात घेतली तेव्हा कंदिलाच्या उजेडात मी ती जवळून पाहिली. लालसर जांभळी, चकाकणारी, त्यावर जागोजागी फुगीर गाठी. वर्गात मी तिला अपरा म्हणते. फळ्यावर काढते तेव्हा ती स्वच्छ, गोल असते. इथे तिला वाफ येत होती आणि गरम लोखंडासारखा वास होता. भावाने उकिरड्यापलीकडे खोल खड्डा केला, वर मीठ टाकलं, दगड ठेवला.

मामीची सून ओट्यावर बसून सगळं बघत होती, पोटावर हात. मी तिच्याशेजारी बसले आणि तिला वारेचं सांगितलं. असं की बाईची वार नुसती मुलाला अन्न पोचवत नाही, ती स्वतः लेप्टिन तयार करते आणि त्यातलं बहुतेक मुलाकडे न धाडता आईच्याच रक्तात सोडते. उंदरिणीची वार तसं करत नाही. तिचा उपाय निराळा आहे. ती लेप्टिनचे कान सुटे करून आईच्या रक्तात सोडते, मेंदूला न जोडलेले, शेपूट तुटलेले, नुसते तरंगणारे. ते कान लेप्टिनला धरून ठेवतात. म्हणून रक्तात लेप्टिन कित्येक पटींनी साठतं. आणि गाई-म्हशींची वार यात फारशी पडतच नाही, त्यांचं लेप्टिन येतं ते मुख्यतः अंगावरच्या चरबीतून. आईला भरपूर जेवू द्यायचं हे एकच काम, आणि बाईने, उंदरिणीने ते आपापल्या रीतीने जमवलेलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हंजे ताई, मले जे रात्री लागते ते खरंच लागते?"

मी म्हटलं, हो. खरंच लागतं.

ती पुढे काही बोलली नाही. वगारीकडे बघत राहिली. वगार तेवढ्यात कासेला लागली होती, आणि चांदीने मान वळवून तिला हुंगलं.

व्यायल्यावर जनावराचं काय होतं तेही सांगायला हवं, कारण मामीच्या "आता चारलं तं पुढं दूध देईन" यात सगळं विज्ञान आहे. दुभत्या गाईच्या रक्तातलं लेप्टिन व्यायल्याबरोबर जवळपास निम्म्यावर येतं. दुधात जातं त्याच्या मानाने तोंडात येणारं कमी पडतं, गाय अंगावरून उतरते, पाठीचे मणके दिसू लागतात. अमेरिकेत काही गाईंचं व्यायल्यानंतर दूधच काढलं नाही, तर त्यांच्यातलं लेप्टिन दूध काढलेल्या गाईंच्या दुप्पट राहिलं. दूध हा असा खर्च आहे. म्हणून आधी चढवलेलं अंग पुढे कामी येतं, आणि म्हणूनच उतरलेली गाय लवकर पुन्हा माजावर येत नाही. आमच्याकडचा कोणताही शेतकरी हे आपल्या शब्दांत सांगेल. तो ढेपेचा हिशोब व्यायच्या दोन महिने आधीपासून मांडतो.

घरातल्या बाईचा हिशोब कोणी मांडला असेल तर तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने. गर्भार बाईला रोजच्यापेक्षा 350 कॅलरी जास्त लागतात असं त्यांच्या शिफारशीत आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण तेवढ्याच असतात. आमच्याकडे भाकर जाड थापतात. मामीच्या हातची एक भाकर म्हणजे जवळपास तेवढंच पीठ. होळीच्या आदल्या दिवशी तो हात जिथे थांबला होता, तिथे जवळपास त्याच 350 कॅलरी होत्या. हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला तेव्हा पेन खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळंतिणी आणि त्यांची बाळं मोजली, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5. हाडं बारीक, दंड बारीक, पोट लहान. पण पाठीवरच्या चरबीची घडी त्या मानाने राखलेली. त्यांच्याच दुसऱ्या एका कामात दिसलं की नाळेच्या रक्तातलं लेप्टिनही वजनाच्या मानाने कमी नव्हतं. बारीक, तरी आतून चरबी धरलेली बाळं. हीच पुढे मोठी होऊन मधुमेहाच्या रांगेत उभी राहतात, ही त्या कामातली चिंता आहे. मला ते वाचताना गावातल्या कितीतरी पोरी दिसतात. माझ्या वर्गातल्या, सकाळी चहावर आलेल्या, तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकणाऱ्या. उद्या यांच्यातलीच कोणी भिंतीला टेकून बसेल आणि दुरडीवरचं फडकं उचलेल.

मामीवर मला राग होता, हे कबूल करते. वैशाखाच्या त्या सकाळी चहा घेताना मी तो बोललेही. म्हटलं, मामी, म्हशीला ढेप वाढवता आणि हिला भाकर मोजता, हे बरं नव्हे. आवाज माझाही थोडा चढला असावा. मामीने बशी खाली ठेवली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुही मावशी कायनं गेली माईत हाये तुले?"

माझी धाकटी मावशी बाळंतपणात गेली एवढंच आम्हांला सांगितलं होतं. मी तेव्हा तीन वर्षांची होते, तिचा चेहराही आठवत नाही. मामीने त्या सकाळी जे सांगितलं ते यापूर्वी कोणापाशी सांगितलं नव्हतं असं वाटतं. मावशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शेंडेफळ, लाडाची. "आमीच चारलं तिले. मले नवीन नवीन करून घालाची हौस. सांजोऱ्या केल्या, लाडू केले. दोन दोन वाट्या तूप." आषाढात दिवस भरले. दोन दिवस कळा, मूल सरकेना. बैलगाडी जुंपली, आत गादी घातली, मामी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतली. नाल्याला पूर. गाडी तिकडे काठावर उभी राहिली दुपारपासून अंधार पडेपर्यंत. "माया मांडीवरच गेली. लेकरू पोटातच. सुईण म्हणे, लेकरू लय मोठं होतं." मामी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पन्नासच्या वर वर्षं झाली. इतकी वर्षं तिने ते तूप आणि त्या सांजोऱ्या स्वतःच्या नावावर लिहून ठेवल्या होत्या.

मी तिला सांगितलं, जमेल तसं. मूल अडतं ते बहुधा बाईची कटी अरुंद असते म्हणून, नाहीतर मूल आडवं-वाकडं आलेलं असतं म्हणून. आणि कटी अरुंद राहते ती त्या बाईला स्वतःला लहानपणी पोटभर मिळालेलं नसतं म्हणून. शेवटच्या महिन्यांतल्या सांजोऱ्यांनी काही झालं नव्हतं. तिला त्या दिवशी दवाखाना हवा होता, पोट उघडून मूल काढणारा डॉक्टर हवा होता, आणि नाला ओलांडायला पूल हवा होता. मामी ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पन्नास वर्षांचं ओझं माझ्या दहा मिनिटांच्या बोलण्याने उतरेल असं मलाही वाटलं नव्हतं. चांदीचा चीक तापत ठेवला होता, त्याचा गोडसर वास घरभर होता. मामी उठली, चीक उतरवला, वड्या पाडायला पातेलं झाकून ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "तुहं सारं खरं असन, माय. पण दिवस आषाढातच भरते हिचे. नाल्यावरचा पूल अजून तसाच ठेंगणा हाये. पाणी आलं का रस्ता बंद. तू मले गाडीचं सांग आधी. मंग भाकरीचं पाहू."

मला यावर उत्तर नव्हतं. लेप्टिनचं होतं, नाल्याचं नव्हतं.

ज्येष्ठात गेले ती तेवढ्यासाठी. भाऊ, मी आणि गावातली आशाताई असे तिघं बसलो. असं ठरलं की पहिला मोठा पाऊस पडायच्या आत, दिवस भरायला पंधरा दिवस असतानाच, तिला माझ्याकडे तालुक्याला आणायचं. माझ्या घरापासून दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. मध्येच काही झालं तर 108 आहेच, पण नाल्याच्या पलीकडे गाडी थांबली तर इकडून तिकडे न्यायला गावातल्या एकाचा ट्रॅक्टर ठरवला. त्याचा नंबर मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिला, जिथे मामी दुधाच्या रेघा ओढते तिथेच, मोठ्या आकड्यांत. मामीने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "राती उचलते का तो फोन?" मी तिथूनच लावला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. तिसऱ्या रिंगला त्याने उचलला. मामी हातात थापलेली भाकर तशीच धरून ऐकत उभी होती. "उचलते," ती स्वतःशीच म्हणाली, आणि भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

मी जेवायला बसले ती त्या मुलीच्या शेजारी. बेसन नव्हतं, वांग्याची भाजी होती आणि वरण. दुरडी आमच्या दोघींच्या मध्ये होती. तिने दोन भाकरी खाल्ल्या. थोडी थांबली. मग फडकं बाजूला करून तिसरी घेतली, मधोमध मोडली, अर्धी ताटात ठेवली आणि अर्धी परत दुरडीत. मामीने पाहिलं आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.